‘नफा नसला तरी’चं कलम

गिरणी तोट्यात गेल्याची बातमी गिरणीत सगळ्यांत आधी मला कळली, कारण ती टाइप मी केली. खातेप्रमुखांना ती दुसऱ्या दिवशी कळली आणि कामगारांना फाटकाजवळच्या फळ्यावर कागद लागला तेव्हा. टायपिस्टचं असंच असतं. नवऱ्याच्या, शेजाऱ्याच्या, रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसाच्या पुढच्या सहा महिन्यांचे कागद तिच्या हाताखालून जातात, आणि तिनं लक्ष द्यायचं ते फक्त मार्जिन सरळ आलं की नाही याकडे.

सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या हेड ऑफिसात मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली आठ स्टेनो-टायपिस्ट म्हणून, उरलेली जावक खात्यात तिकिटं चिकटवत. स्टेनोची तिकिटंवाली कशी झाले, तेच सांगायला बसले आहे. गिरणीचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साहेब बोलतात, आपण वहीत लघुलिपीच्या रेघोट्या ओढायच्या, मग त्या रेघोट्यांचं इंग्रजी पत्र करायचं. साहेबांच्या वाक्यात क्रियापद नसेल तर ते आपण घालायचं. पत्र वाचून साहेब ‘मी किती नेमकं सांगितलं होतं’ म्हणाले की मान हलवायची. जास्त प्रती लागल्या तर स्टेन्सिल कापायचं, म्हणजे मेणकागदावर रिबनशिवाय टाइप करायचं. अक्षराच्या जागी मेण निघतं, मग तो कागद सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवला की शाईच्या शंभर-दोनशे प्रती निघतात. चूक झाली तर लाल औषधाचा ठिपका लावायचा, फुंकर घालायची, वाळलं की त्यावर पुन्हा टाइप करायचं. त्या औषधाला नेलपॉलिशचा वास यायचा. माझ्या वाट्याला नेलपॉलिश आलं ते एवढंच.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पाऊस परत आला होता, भाव मात्र खाली यायचं नाव घेत नव्हते. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, तिची भाकरी गरम असताना कशीबशी खाता यायची आणि गार झाल्यावर दारावर थाप मारायला चालली असती. सूत महागलं होतं, विजेची कपात होती, कापडाला उठाव नव्हता. गोदामात चादरी आणि साड्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. वर्तमानपत्रं त्याला मंदी म्हणत. आमच्या चाळीत ‘यंदा महिना लांबलाय’ असं म्हणायचे.

अशा वेळी आमच्या मॅनेजिंग डायरेक्टर साहेबांनी काटकसरीचं परिपत्रक काढलं. चार पानांचं होतं. जुनी पेन्सिल दोन बोटांपेक्षा लहान झाल्याचं दाखवल्याशिवाय नवी मिळणार नाही. एक कार्बन दहा वेळा वापरायचा. दोन टेबलांमध्ये एक पंखा. दुपारचा चहा बंद. संडासातला दिवा बाहेर येणाऱ्यानं मालवायचा, आत कुणी आहे का याची आधी खात्री करून घ्यायची. शेवटी एक भावनिक परिच्छेद होता. गिरणी म्हणजे एक कुटुंब आहे, कुटुंबावर वेळ येते तेव्हा प्रत्येकानं पोटाला थोडा चिमटा घ्यायचा असतो, असं त्यात म्हटलं होतं. त्या परिपत्रकाच्या मी एकशे वीस प्रती काढल्या. कागद जपून वापरावा हे कलम तिसऱ्या पानावर होतं.

त्याच आठवड्यात कंपनीचे सेक्रेटरी जोगळेकर साहेब यांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. गोपनीय मजकूर असला की जोगळेकर साहेब इतक्या हळू बोलत की तो माझ्यापासूनही गोपनीय राही. दोनदा-तीनदा विचारल्यावर मला कळलं की हा मॅनेजिंग डायरेक्टर साहेबांचा नवा करार आहे. त्यांची पाच वर्षांची मुदत संपत आली होती आणि त्यांना पुन्हा पाच वर्षांसाठी नेमायचं होतं.

पगार वाढणार होता. किती ते लिहीत नाही. वाइंडिंग खात्यातल्या बाईचा महिन्याचा पगार साहेबांनी नाष्ट्याच्या आधीच मिळवलेला असायचा, एवढं सांगितलं तरी पुरे. त्याखेरीज बंगला, बंगल्याची वीज, दोन नोकर, माळी, पहारेकरी, ड्रायव्हरसकट मोटार, कुटुंबाच्या औषधपाण्याचा खर्च, वर्षातून एकदा सहकुटुंब प्रवास आणि दोन क्लबांची वर्गणी. एका क्लबात करमलं नाही तर जायला दुसरा हवा. बंगल्याच्या पडद्यांसाठी वेगळी रक्कम होती आणि पडद्यांचं कापड मुंबईहून यायचं होतं. गोदामात छतापर्यंत कापड भरलेल्या गिरणीच्या साहेबांना पडद्यासाठी मुंबई लागत होती, आणि याचं मला नवल वाटलं नाही. आमचं कापड कसं निघतं ते साहेबांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पण सगळ्यांत सुंदर कलम नववं होतं. इंग्रजीतून त्याचा सरळ अर्थ असा: एखाद्या वर्षी कंपनीला नफा झाला नाही किंवा अपुरा झाला, तरी साहेबांना हा पगार आणि या सोयी कमीत कमी म्हणून मिळतच राहतील. नफा झाला तर त्यावर कमिशन वेगळं.

कामगारांना त्या वर्षी बोनस नव्हता, कारण नफा नव्हता. ती नोटीससुद्धा मीच टाइप केली होती आणि तिच्यात ‘नफा नसल्यामुळे’ हे शब्द होते. आता त्याच बोटांनी मी ‘नफा नसला तरी’ टाइप केलं. जोगळेकर साहेब म्हणाले, कार्बन नवे घ्या, चारही प्रती स्वच्छ आल्या पाहिजेत.

मॅनेजिंग डायरेक्टर साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. मला कायम ‘मिसेस बिराजदार, प्लीज’ म्हणत. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. ज्याचं कमीत कमी इतकं ठरलेलं आहे त्याला आवाज चढवायची गरज पडत नसावी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ले-ऑफची यादी आली. ले-ऑफ म्हणजे नोकरी जात नाही, काम जातं. माल खपत नाही तोवर घरी बसायचं, निम्मा पगार घ्यायचा आणि भोंगा झाला तरी उठायचं नाही. चार महिन्यांसाठी वाइंडिंग, मागांचं साचेखातं आणि फोल्डिंग या तीन खात्यांतली माणसं निवडली होती. मी स्टेन्सिल चढवलं आणि आडनावांच्या क्रमानं मारत सुटले. ए संपून बी लागला. आठव्या नावावर माझी बोटं थांबली. बिराजदार एस. एम., फोल्डिंग.

शिवानंद मल्लप्पा बिराजदार हे माझे यजमान. कापडाचा ताका साहेबांच्या नजरेला जाण्याआधी त्यातली सुटलेली सुतं, डाग, भोकं शोधायची, हे त्यांचं काम. मूळचे सोलापूरजवळच्या कुंभारी गावचे. आमचं घरातलं बोलणं निम्मं कानडी आणि निम्मं मराठी, भांडण पूर्ण कानडीत.

नाव मारलं. एक अक्षरसुद्धा चुकू दिलं नाही. पण यादी फळ्यावर लागायला दोन दिवस होते आणि ते दोन दिवस मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. गोपनीय म्हणजे गोपनीय. घरी आले तर हे टेबल फॅन ठरवून आलेले. हप्त्यावर देतो म्हणाला, सोमवारी पहिला हप्ता भरतो, मुलींना रात्री झोप लागत नाही उकाड्यानं, असं सांगत होते. मी म्हटलं, जरा थांबू या, दिवाळीला भाव उतरतील. पंख्याचा भाव दिवाळीला का उतरावा असं त्यांनी विचारलं. मी भाकऱ्या करत राहिले.

यादी लागली त्या दुपारी ते माझ्याआधी घरी आले होते. मी आत आले तर शर्ट खुंटीला टांगून स्वस्थ बसलेले. मग म्हणाले, “माझ्या नावात एक बी चूक न्हाई. नायतर दरसाल बिरादार करत्यात. त्यावरनं वळिकलं, तूच टाइप केलंयस.”

मी हो म्हटलं.

“दोन दिस झाले असतील.”

“हो.”

ते एवढंच म्हणाले, “मग पंख्याचं बरं केलंस.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून भावाच्या शेतावर कुंभारीला कामाला गेले. त्यांनी राग धरला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आता नरसम्माबद्दल सांगते. वाइंडिंग खात्यात सुताची कोनं, म्हणजे मोठी रिळं, भरणारी ही तेलुगू बाई, पन्नाशी उलटलेली, विधवा. नवरा आमच्याच गिरणीत साच्यावर होता. शहराच्या पूर्व भागात एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं असा संसार. सून घरी विड्या वळायची. नरसम्माचंही नाव यादीत होतं. ती यजमानांच्या ओळखीची, आमच्याकडे पूर्वी एकदोनदा आलेली.

एका रविवारी सकाळी ती लांबट पाकीट घेऊन आली. आमचे हे चटणीसाठी शेंगा फोडत बसले होते. नरसम्मा म्हणाली, दरवर्षी असलं पाकीट येतं, सून ते विडीच्या सुपाखाली घालते. पण यंदा घरी बसवलंय तर पैशाबिशाचं काही असेल, एवढं वाचून सांग.

पाकीट बघूनच मी ओळखलं. पत्ता माझ्याच मशीनवर मारलेला होता, त्यातला ‘आर’ थोडा वर उडायचा. ते भागधारकांच्या वार्षिक सभेचं निमंत्रण होतं. पूर्वी एका वाईट वर्षी गिरणीनं बोनसला रोख नाही म्हणून मागेल त्या कामगाराला पाच-पाच शेअर दिले होते. नरसम्माच्या नवऱ्यानं ते घेतले, त्याच्या माघारी तिच्या नावावर झाले. अशी पन्नासेक घरं असतील. शेअर ट्रंकेत, पाकिटं सुपाखाली. आणि कायदा असा की मॅनेजिंग डायरेक्टरचा पगार वाढवायचा तर सभेची मंजुरी लागते, आणि सभा बोलवायची तर प्रत्येक भागधारकाला करारातली मुख्य कलमं छापून पाठवावी लागतात. जोगळेकर साहेब कायद्याचे पक्के. त्यांनी ती पाठवली होती, बारीक टायपात, इंग्रजीत, सातव्या पानावर.

मी घाबरले, हे खरं. दार लावून हळू आवाजात सांगितलेला मजकूर होता तो. पण पाकिटावर तिचं नाव होतं आणि आत ‘प्रिय भागधारक’ लिहिलं होतं. तिचं पत्र तिला वाचून दाखवलं तर कुणाचं गुपित फुटणार होतं? मी सातवं पान काढलं आणि मराठीत सांगायला लागले. पगार, बंगला, माळी, मोटार. क्लब म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. पडद्यांपाशी शेंगा फोडायचा आवाज बंद झाला.

“हे बी तूच टाइप केलंस?” यजमानांनी विचारलं.

मी मान हलवली.

नववं कलम आलं. ते मी सांगितलं. नरसम्मा म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. म्हणाली, “लई चांगलं कलम हाय. हे आमच्या कागदात कसं न्हाय?”

मी म्हटलं, तुमच्याशी कंपनीनं असा करार केलेला नाही.

“सभेला गेलं तर बोलायला देत्यात?”

“भागधारक आहात. द्यावंच लागतं.”

तिनं पाकीट घडी करून कमरेला खोचलं आणि चहा न घेता गेली. पुढच्या दहा-बारा दिवसांत पूर्व भागात कुणाकुणाच्या ट्रंका उघडल्या ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि माझ्याकडे कुणी आलं नाही. आमचे हे मात्र कुंभारीहून येता-जाता साचेखात्यातल्या लोकांकडे थांबायला लागले, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

आमची वार्षिक सभा म्हणजे काय असायची तेही सांगते. गिरणीच्या गेस्टहाउसचा हॉल, पंचवीस खुर्च्या, त्यातल्या नऊ-दहा भरलेल्या. संचालक, त्यांचे नातेवाईक, गावातले दोन सावकार, एक रिटायर मास्तर, जे फक्त बिस्किटांसाठी येत. अध्यक्ष मुंबईहून येत, भाषण वाचत, ठराव पटापट हात वर करून मंजूर होत आणि पाऊण तासात सगळे जेवायला जात. जाताना प्रत्येक भागधारकाला गिरणीचा टॉवेल मिळे. त्या वर्षी काटकसर म्हणून नॅपकिन होता. कोपऱ्यात टेबल टाकून मी लघुलिपीत टिपण घ्यायची.

सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवत, म्हणजे कामगार भागधारकांना रजा घेतल्याशिवाय येता येऊ नये. कुणी येतही नसे. या खेपेला मात्र कंपनीनंच त्यांना घरी बसवून ठेवलं होतं. अकराला पाच कमी असताना फाटकाशी आवाज झाला. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं होतं. ले-ऑफवाल्यांना आत सोडायचं नाही, असा त्याला हुकूम होता. नरसम्मानं त्याच्यापुढे निमंत्रण धरलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण कंपनीचा शिक्का ओळखता येत होता. त्यानं जोगळेकर साहेबांना बोलावलं. साहेबांनी एकेकाचं नाव भागधारकांच्या वहीत तपासलं आणि प्रत्येक नाव सापडत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

एकेचाळीस जण आत आले. धुतलेले कपडे, बायकांच्या डोक्यावर पदर. आमचे हे बाहेर फाटकाशी उभे होते. त्यांच्या नावावर शेअर नव्हता. खुर्च्या संपल्यावर उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. रिटायर मास्तरांनी बिस्किटांची बशी जवळ ओढून घेतली.

अध्यक्षांनी भाषण वाचलं. कठीण काळ आहे, त्याग करावा लागेल, कुटुंबप्रमुखापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना, वगैरे. भाषण मीच टाइप केलेलं असल्यामुळे मला लिहून घ्यायची गरज नव्हती, म्हणून मी समोरच्यांचे चेहरे बघत होते. एकालाही इंग्रजी कळत नव्हतं आणि सगळे नीट ऐकत होते.

पाचवा विषय मॅनेजिंग डायरेक्टर साहेबांच्या फेरनेमणुकीचा. एका संचालकानं ठराव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. जोगळेकर साहेबांनी कुणाला काही विचारायचं आहे का, असं इंग्रजीत विचारलं आणि उत्तर येण्याआधी पुढचं पान उलटलं. नरसम्मा उभी राहिली.

ती ओरडली नाही, भांडली नाही. हात पदरात गुंडाळलेले होते. म्हणाली, “मी पाच शेअरची मालकीण हाय. साहेबांच्या पगाराला माझी ना न्हाय. त्यांना बी लेकरं हायेत. पन त्यांच्या कागदात नववं कलम हाय की, नफा नसला तरी कमीत कमी मिळनार. तेच कलम आमच्या वाइंडिंगला लावा. नफा नसला तरी चार मानसांचं पोट भरंल येवडं. पडदे नकोत आमाला.”

अध्यक्षांना मराठी येत नव्हतं. त्यांनी जोगळेकर साहेबांकडे पाहिलं. साहेब इंग्रजीत म्हणाले की कामगारकल्याणाविषयी बाईंनी काही सूचना केली आहे. अध्यक्षांनी हसून मान डोलावली आणि नक्की विचार करू, म्हणाले.

नरसम्माला इंग्रजी येत नव्हतं, पण आपण इतकं बोललो आणि साहेबांनी ते एका श्वासात संपवलं, हे तिला कळलं. ती माझ्याकडे हात करून म्हणाली, “त्या बाई लिवून घेत्यात. मी काय बोलले ते त्यांना वाचायला सांगा.”

अध्यक्षांनी विचारलं, ही काय म्हणते. जोगळेकर साहेब उत्तर देण्याआधी बिस्किटवाल्या मास्तरांनी ते इंग्रजीत सांगून टाकलं. अध्यक्ष सौजन्यानं माझ्याकडे वळले आणि वाचा म्हणाले.

मी उभी राहिले. जोगळेकर साहेब माझ्याकडे बघत होते. मी वहीतून वाचलं, मराठी रेघोट्यांचं तिथल्या तिथं इंग्रजी करत. पाच शेअरची मालकीण, साहेबांची लेकरं, नववं कलम, चार माणसांचं पोट, पडदे. एक शब्द गाळला नाही. नोकरीतली मला येत असलेली कला एवढीच, ऐकलं ते उतरवणं, आणि ती मी आठ वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वापरली. मॅनेजिंग डायरेक्टर साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

अध्यक्ष म्हणाले की प्रश्न चांगला आहे, पण विषयपत्रिकेबाहेरचा आहे. मग त्यांनी मतदान पुकारलं. ठरावाच्या बाजूनं नऊ हात वर झाले. विरुद्ध एकेचाळीस, आणि नंतर मास्तरांचा एक. ठराव पडला होता.

मग जोगळेकर साहेब अध्यक्षांच्या कानाशी लागले आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की ते आपल्या अधिकारात पोल मागत आहेत. पोल म्हणजे हात न मोजता शेअर मोजायचे. एकेचाळीस जणांचे पाच-पाच शेअर एका बाजूला आणि संचालकांच्या पेट्यांमधले दुसऱ्या बाजूला. मोजायला फार वेळ लागला नाही. ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला.

नरसम्मानं जोगळेकर साहेबांना विचारलं, “असं व्हतं तर आदी हात कशाला वर करायला लावलं?”

कायद्यात तसं आहे, असं साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. नॅपकिन वीसच आणले होते. बायकांना आधी दिले, बाकीच्यांना टपालानं पाठवू असं सांगितलं. ते कधी गेले नाहीत, हे जावक खात्यात बसल्यावर मी स्वतः तपासलं.

या सगळ्यातून काय झालं? फार काही नाही. करार सरकारी मंजुरीसाठी दिल्लीला गेला आणि तिथून थोडी कात्री लागून परत आला. दुसरा क्लब उडाला. साहेबांनी तो धक्का धीरानं सोसला. पडदे मुंबईहून आले. ले-ऑफवाले चार महिन्यांनी कामावर परतले, आमचे हेही. नववं कलम वाइंडिंगला काही लागलं नाही.

मला सभेच्या दुसऱ्या दिवशी इतिवृत्त करायचं होतं. इतिवृत्त म्हणजे सभेत जे झालं त्याची नोंद, असं मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते. मी दीड पान टाइप करून जोगळेकर साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन्सिलीनं ते आडवं कापलं आणि वर एक वाक्य लिहिलं: सर्वसाधारण चर्चा होऊन, सभासदांच्या शंकांचं समाधानकारक निरसन करण्यात आलं.

मी म्हटलं, “साहेब, त्यांना उत्तर तर दिलंच नव्हतं.”

“म्हणूनच ‘समाधानकारक’ लिहायचं, बिराजदारबाई,” ते म्हणाले.

मी ते टाइप केलं. यात मला कुणी धाक घातला नव्हता, आवाज चढवला नव्हता. घरात निम्मा पगार येत होता आणि माझा पूर्ण होता, एवढं कारण मला पुरेसं वाटलं. ते वाक्य कायमच्या वहीत चिकटवलं गेलं, त्याखाली अध्यक्षांची सही झाली. या नोकरीतली मी टाइप केलेली हजारो पानं मला आठवत नाहीत. ते एक वाक्य मात्र स्वल्पविरामासकट आठवतं.

सभासदाला सभेचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क असतो. हे मी घरी बोलता बोलता बोलले असेन, कारण महिन्याभरानं नरसम्मा ऑफिसात आली आणि वही मागितली. जोगळेकर साहेबांनी तिला निमूट माझ्या टेबलाशी पाठवलं. तिला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि वाचून दाखवणारी त्यांच्या पगारावर होती.

ती स्टुलावर बसली. मी वही उघडून पाचव्या विषयाखालचं ते वाक्य मराठीत सांगितलं. ती वाट बघत राहिली.

“फुडं?”

“एवढंच आहे.”

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. सुतानं कापलेली, जाड झालेली बोटं होती. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेलं. “ह्यात मी कुटं हाय?”

मी म्हटलं, नाही. त्यात तुम्ही नाही. टाइप मीच केलंय.

मला तसंच बसवेना. मी खणातून लघुलिपीची वही काढली आणि तिचं बोलणं पहिल्यापासून तिला वाचून दाखवलं, तिच्याच शब्दांत. ऐकताना ती मान हलवत होती. संपल्यावर म्हणाली, बरोबर हाय, हे मला लिवून दे.

मी कोरा कागद घेतला. मशीन इंग्रजी होतं, म्हणून हातानं लिहिलं, मराठीत, सभेची तारीख घालून. हात किती वर झाले तेही लिहिलं. मास्तरांचा धरून. ऑफिसातली टाइपरायटरं एकेक करून थांबली होती आणि काचेच्या पलीकडून जोगळेकर साहेब उठून उभे राहिले होते.

नरसम्मानं कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत माझ्यापुढे ठेवला. “खाली नाव लिव तुझं,” ती म्हणाली. “न्हायतर म्हनतील, म्हातारीनं मनानं रचलंय.”

मी पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली तेव्हाचा हुद्दा, स्टेनो-टायपिस्ट.